निघोज्यातला लॅपटॉप, इंडोनेशियाची वेळ

आमच्या कंपनीत किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. रिजेक्शनच्या लाल क्रेटसारखे. संध्याकाळी क्रेट रिकामा करून घरी जावं, सकाळी येऊन बघावं तर तळाशी चार नवे पडलेलेच. कॉलेजच्या मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "ऋतुजा, तुझ्या कंपनीतलं सांग ना काहीतरी." त्यांना हसू येतं. मला सांगताना अजूनही तळहाताला घाम सुटतो, कारण यातल्या प्रत्येक वेळी मला वाटलं होतं की आता आपली नोकरी गेली.

कंपनी म्हणजे निघोज्यातला एक प्रेसशॉप. प्रेस मशीनखाली पत्रा दाबून गाड्यांना लागणारे ब्रॅकेट बनतात. मी क्वालिटीमध्ये ट्रेनी. सहा महिने संपत आले होते आणि मालक तात्यांनी सांगून ठेवलं होतं, "पोरी, कस्टमरचं ऑडिट नीट पार पडलं की तुझं कायमचं पत्र काढू. न्हाई पडलं तर मग बघू."

ते 'मग बघू' मला जेवताना ऐकू यायचं. बसमध्ये, केस विंचरताना, लिफ्टमध्ये.

ऑडिटला दहा दिवस राहिले आणि पार्ट मोजायच्या कॅमेरा-मशीनचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. त्याच्या जागी नवा लॅपटॉप मागवला. पुढचं सगळं त्या लॅपटॉपचं.

* * *

आमच्याकडे बाहेरून आलेली कुठलीही वस्तू मोजल्याशिवाय आत घेत नाहीत. लॅपटॉप स्टोअरला आला तेव्हा गंगाधरभाऊ तिथंच उभे होते. भाऊ टूलरूमचे, म्हणजे प्रेसचे साचे सांभाळणारे, परभणीकडचे. खिशात एक वेळ मोबाइल नसेल, पण मेजरिंग टेप असतोच.

खोक्यावर लिहिलं होतं, स्क्रीन १५.६ इंच. भाऊंनी टेप लावला.

"साडेतेरा भरायलंय, मॅडम."

"परत लावा ना भाऊ."

"तीनदा लावला. दोन इंच कमी. आपण अर्धा मिलिमीटर कमी दिला तर कस्टमर सगळा लॉट परत पाठवतो, अन् हे सरळ दोन इंच खायलेत."

मी स्वतः टेप लावला. साडेतेराच. क्वालिटीत आहे म्हटल्यावर करायचं काय ते ठरलेलं असतं. पळत जाऊन लाल 'होल्ड' स्टिकर आणला, लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवला, कारणाच्या जागी 'स्क्रीनची लांबी कमी' लिहिलं आणि सही ठोकली. मग दुकानदाराला फोन लावला. आवाज जरा चढाच होता माझा.

तो बिचारा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, तिरका मोजा. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

तिरका पंधरा पॉइंट सहा भरला. बरोब्बर.

स्टिकर निघाला, डिंक अजून आहे. गंगाधरभाऊ मात्र दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी चहाला भेटले तर म्हणाले, "मॅडम, मग आपले ब्रॅकेट पण तिरके मोजून द्यायचे का? रिजेक्शनच राहणार नाही."

* * *

नवीन मशीन आलं की तात्या पूजा करतात. जिथं आज प्रेस उभे आहेत तिथं त्यांच्या घरची शेती होती, त्यामुळे या जमिनीवर काही सुरू करायचं तर नारळ फुटल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लॅपटॉपही मशीनच.

मी तोपर्यंत लॅपटॉप चार्जिंगला लावून चालू केलेला. पहिलाच प्रश्न समोर आला होता, तुमचा देश कोणता, आणि खाली देशांची लांबलचक यादी. तेवढ्यात तात्या ताट घेऊन आत आले.

माझा सगळा जीव नारळाच्या पाण्यात अडकलेला. की-बोर्डवर उडालं तर? पण तात्यांनी नारळ बाहेर पायरीवर फोडला, मी श्वास सोडला. मग त्यांनी ओल्या कुंकवात अंगठा बुडवला.

"तात्या, झाकण लावते, झाकणावर लावा."

"कुंकू तोंडाला लावत्यात. पाठीला कोण लावतं?"

आणि स्क्रीनवर अंगठा टेकवला. स्क्रीन बोटाने चालणारा होता. आतून 'टुंग' असा आवाज आला, मी दचकले आणि हळदीची वाटी माझ्या हातून खाली.

"बघ," तात्या खूश होऊन म्हणाले. "पूजेबिगर पुढं जात न्हवता."

ते गेल्यावर मी घाईघाईने ओल्या फडक्याने कुंकू पुसलं. पुसता पुसता त्या फडक्याने आणखी तीन-चार प्रश्नांना 'हो' म्हणून टाकलं असावं. कारण मी फडकं खाली ठेवलं तेव्हा लॅपटॉप म्हणत होता, सगळं तयार आहे.

* * *

मग सॉफ्टवेअरवाला इंजिनिअर आला, मोजणीचं सॉफ्टवेअर टाकून गेला. जाताना दोन गोष्टी बजावल्या. "लायसन्स या लॅपटॉपवर एकदाच मिळालंय. फॉरमॅट मारलं तर गेलं, नवीन यायला आठ-दहा दिवस. आणि घड्याळाचे आकडे मागे करू नका, सॉफ्टवेअरला वाटतं कुणीतरी फसवतंय, ते लॉक होतं."

मी वहीत दोन्ही वाक्यं लिहिली आणि खाली रेघ मारली.

पण लॅपटॉप दुकानातून येतानाच पोट भरून आला होता. चार गेम, खरेदीची दोन ॲप आणि एक महिनाभर फुकट चालणारं अँटीव्हायरस. ते दर वीस मिनिटांनी लाल पाटी दाखवून ठणाणा करायचं की तुम्ही धोक्यात आहात. हे मला सांगायची काय गरज होती? सहा महिने रोज ऐकलेल्या प्रेसच्या ठोक्यालाही मी दचकते.

पहिल्यांदा ते ओरडलं तेव्हा माझ्या हातात मास्टर होता. मास्टर म्हणजे ज्याच्याशी ताडून बाकीचे सगळे पार्ट मोजायचे, तो एकमेव पार्ट. तो पडला.

आमचे कुलथेसर, म्हणजे क्वालिटीचे हेड, दारातच उभे होते. कुलथेसर कधी रागावत नाहीत. ते नोंद करतात.

"मास्टर पडला?"

"हो सर."

"किती उंचीवरून?"

मी हात वर करून दाखवला.

"हात तिथंच धरा." त्यांनी गंगाधरभाऊंना टेपसकट बोलावलं, माझ्या बोटांपासून फरशीपर्यंत माप घेतलं आणि वहीत लिहिलं, ब्याण्णव सेंटिमीटर. मास्टर पुन्हा तपासायला पाठवला. तो ठीक निघाला. माझा हात संध्याकाळपर्यंत आपोआप ब्याण्णव सेंटिमीटरवर थांबत होता.

* * *

काळेवाडीत आमच्या बिल्डिंगखाली नीलेशचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. कुठलाही कॉम्प्युटर न्या, झाकण उघडायच्या आधी तो म्हणतो, "फॉरमॅट मारू." मी त्याला तोंडी सांगितलं तरी तेच.

"ताई, नवीन लॅपटॉपमध्ये कचराच जास्त असतो. सगळं पुसू, स्वच्छ टाकू. दोन तासांचं काम राव."

"अरे पण लायसन्स जाईल."

"लायसन्सचं काय घेऊन बसलात. लॅपटॉप महत्त्वाचा का लायसन्स?"

मी दुसऱ्या दिवशी गंगाधरभाऊंना विचारलं.

"चालायलंय का?" भाऊ म्हणाले.

"चालतंय. ओरडतं, पण चालतं."

"मग हात लावू नका. आपल्या तीन नंबर प्रेसचा एक बोल्ट मी आलो तेव्हापासून ढिला आहे. आवळला की पार्ट बिघडतो. त्याला आम्ही नवीन पोरांपासून लपवून ठेवायलाव."

मी लगेच जाऊन तो बोल्ट बघून आले. आता तीन नंबरजवळून जाताना मी श्वास रोखून जाते.

* * *

ऑडिटला चार दिवस राहिले तेव्हा मी तयारी म्हणून गेटचं रजिस्टर आणि आमचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघत होते. ऑडिटर असंच बघतात.

रजिस्टरमध्ये होतं, गाडी माल घेऊन तीन पन्नासला बाहेर. त्याच मालाच्या मोजणी-रिपोर्टवर वेळ होती चार चाळीस.

मी पान उलटलं. आदल्या दिवशीही तेच. त्याच्या आदल्या दिवशीही. गाडी आधी गेलेली, पार्ट नंतर मोजलेले. म्हणजे कागद बघणारा कुणीही एकच म्हणणार: या लोकांनी मोजलंच नाही, गाडी गेल्यावर बसून रिपोर्ट बनवले. आणि प्रत्येक रिपोर्टखाली माझी सही.

लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ आमच्यात कुणी बघत नाही, आमची शिफ्ट भोंग्यावर चालते. आणि मोजणीच्या लॅपटॉपला इंटरनेट द्यायचं नाही हा सरांचा नियम, त्यामुळे तो स्वतःहून सुधारणारही नव्हता. मी कोपऱ्यात बघितलं, मग भिंतीवर बघितलं. बरोब्बर दीड तासाचा फरक. सेटिंग उघडलं. वेळ: जकार्ता. देश: इंडोनेशिया.

यादीत इंडियाच्या खालीच असतो तो.

गंगाधरभाऊ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "तरीच म्हणलं, हा जेवणाच्या सुट्टीआधीच दमायलाय."

* * *

काही चुकलं की कुलथेसर 'का-का' करतात. म्हणजे पाच वेळा 'का' विचारायचं आणि मुळाशी पोचायचं. मशीनसाठी असतं ते. सरांनी लॅपटॉपसाठीही कागद काढला.

"रिपोर्टवर पुढची वेळ का?"

"लॅपटॉपचं घड्याळ पुढे होतं, सर."

"ते का?"

"देश इंडोनेशिया निवडला गेला."

"का?"

"बोट तिथं टेकलं."

"बोट का टेकलं?"

"स्क्रीन चालू असताना कुंकू लावलं म्हणून."

"चालू असताना का लावलं?"

पाचव्या 'का'च्या जागी मालकांचं नाव कसं लिहायचं? सर मात्र शांतपणे लिहीत होते: 'संबंधित व्यक्तीस प्रशिक्षण दिलेले नव्हते.' पुढच्या रकान्यात उपाय: 'प्रशिक्षण देणे.' त्याच्या पुढे जबाबदारी: 'ऋतुजा.'

फॉर्म घेऊन मी तात्यांच्या केबिनबाहेर तीनदा येरझाऱ्या घातल्या. शेवटी त्यांनीच आत बोलावलं.

"मला शिकवणार व्हय तू?"

"नाही तात्या, फक्त सही हवी होती."

त्यांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. "हितं धा मिनिटं लिहिलंय. मंग धा मिनिटं शिकीव. न शिकता सही आमी करत न्हाई."

मशीन आधी बंद करायचं आणि मग पूजा करायची, हे कितीही सावकाश सांगितलं तरी तीन मिनिटांत संपतं. उरलेली सात मिनिटं तात्यांनी मला नारळ कसा पारखायचा ते शिकवलं. मग दोघांनी सह्या केल्या.

* * *

आता प्रश्न उरला लॅपटॉपचा. ऑडिटच्या आदल्या दिवशी सरांनी कागदावर तीन ओळी लिहून माझ्यापुढे ठेवल्या. फॉरमॅट मारणे. घड्याळ मागे घेणे. आहे तसे ठेवणे. खाली लिहिलं, 'निर्णय तुमचा, सही तुमची.' आणि ते मीटिंगला गेले.

फॉरमॅट मारलं तर उद्या ऑडिटरसमोर मोजायला सॉफ्टवेअर नाही. घड्याळ मागे घेतलं तर लॉक. तसंच ठेवलं तर उद्याचे रिपोर्टही इंडोनेशियाचे.

नीलेश दुपारपासून गेटवर पेन ड्राइव्ह घेऊन उभा. मीच घाबरून बोलावलेलं. वॉचमनने रजिस्टरला नोंदही केली होती: पेन ड्राइव्ह, नग एक. दर दहा मिनिटांनी त्याचा फोन.

"ताई, येऊ का आत? फॉरमॅट मारलं की ते जुने रिपोर्ट पण जातील. लॅपटॉप खराब झाला म्हणून सांगा. कुणाला काय कळतंय?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आता आलं आणि जाईना. डबा उघडून बसले, पोळीचा एक तुकडा मोडला आणि अर्धा तास तोच तुकडा हातात धरून बसले. रिपोर्ट गेले की सही गेली. सही गेली की कुणी विचारणार नाही. पण ते पार्ट मी खरंच मोजले होते. एकेक. पाठ मोडेपर्यंत. ते पुसायचे?

मग सॉफ्टवेअरवाल्यांच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडे कुणीतरी मुलगी होती.

"घड्याळ मागे घेऊ का?"

"नको मॅडम."

"फॉरमॅट मारू?"

"अजिबात नको."

"मग मी करू काय?"

"तुम्हाला नक्की काय हवंय, मॅडम?"

"मला लॅपटॉप निघोज्यात हवाय."

"आत्ता कुठं आहे?"

"इंडोनेशियात."

मग ती काळजीने म्हणाली, "कुरिअर केलाय का?"

सगळं सांगितल्यावर तिने समजावलं. घड्याळाच्या आकड्यांना हात लावायचा नाही, फक्त देश आणि गाव बदलायचं. आतलं घड्याळ तसंच राहतं. "लायसन्सला कळणारही नाही," ती म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता, "बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर मी पाच मिनिटं बोट अधांतरी धरून बसले. मग दाबलं. चार बाराचे दोन बेचाळीस झाले. सॉफ्टवेअर उघडलं. उघडलं ते. एक ब्रॅकेट मोजला, रिपोर्ट काढला, वेळ दोन त्रेपन्न. भिंतीवरही दोन त्रेपन्न.

सरांच्या कागदावर चौथी ओळ लिहिली, सही केली आणि गेटवर जाऊन नीलेशला सांगितलं की नको.

"बरं," तो जरा हिरमुसला. मग वॉचमनकडे वळला. "काका, तुमचा मोबाइल हँग होतो का हो?"

* * *

ऑडिटला एक मॅडम आल्या. बारीक आवाजाच्या, हळू बोलणाऱ्या. अशा माणसांची मला जास्त भीती वाटते. त्यांनी चहा बाजूला सारला आणि पहिलंच मागितलं, गेटचं रजिस्टर आणि रिपोर्ट.

पाच मिनिटांत त्यांचं बोट त्या ओळीवर. "गाडी गेल्यावर पार्ट मोजता का तुम्ही?"

सर उत्तर द्यायला घसा साफ करत होते. मला तेवढा वेळ थांबवेना. मी उभी राहून सगळं बोलून टाकलं. कुंकू, अंगठा, फडकं, जकार्ता, आणि हे रिपोर्ट पुसता आले असते पण पुसले नाहीत, इथपर्यंत. बोलून झाल्यावर बसायची खुर्ची सापडेना.

मॅडमनी सरांकडे बघितलं. सरांनी 'का-का'चा कागद पुढे केला, त्यामागे तात्यांच्या प्रशिक्षणाचा फॉर्म. मॅडमनी मोठ्याने वाचलं, "विषय: नवीन यंत्राची पूजा यंत्र बंद अवस्थेत करणे." मग पुन्हा एकदा मनात वाचलं. मग फाइल तोंडासमोर धरली, जरा जास्तच वेळ.

फाइल खाली आली तेव्हा चेहरा पुन्हा ऑडिटरचा होता. "प्रशिक्षण परिणामकारक झालं का, हे कसं तपासलं?"

हे आम्ही तपासलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे 'मग बघू' नाचायला लागलं.

कोपऱ्यातून तात्या म्हणाले, "परवा नवी फोर्कलिफ्ट आली, मॅडम. आधी चावी काढली, खिशात घातली, मंग कुंकू लावलं. चला, दावतो."

आणि मॅडम खरंच उठल्या. फोर्कलिफ्टवरचं कुंकू बघितलं, ड्रायव्हरला विचारलं, वहीत काहीतरी लिहिलं. संध्याकाळी निकाल सांगितला: एक किरकोळ शेरा, बाकी ठीक.

* * *

ऑडिट पार पडलं, पण पत्राचं कुणी काही बोलेना. दुसरा दिवस गेला. तात्या समोरून आले, "काय पोरी, जेवलीस का?" म्हणाले आणि पुढे गेले. मी केबिनवरून चार वेळा उगाच फाइल घेऊन गेले. गंगाधरभाऊ म्हणाले, "मॅडम, बसा की एका जागी. तुम्हाला बघून मला चक्कर यायली."

तिसऱ्या दिवशी सकाळी शॉपमध्ये शिरले. दाराशी एक पांढरा बोर्ड आहे. एखाद्या कामावरचा माणूस, मशीन किंवा माल बदलला की त्यावर लिहायचं असतं, म्हणजे सगळे सावध राहतात आणि बदलानंतरचं पहिलं काम दुसरा माणूस तपासतो. मी सवयीने वाचत होते. निळ्या शाईत, सरांच्या ठसठशीत अक्षरात:

बदल: माणूस. काम: मोजणी. जुना: ऋतुजा (ट्रेनी). नवीन: ऋतुजा (कायम).

मी दोनदा वाचलं. मग पळतच सरांच्या टेबलापाशी गेले.

"सर, बोर्डावर... जुनी पण मीच आहे आणि नवीन पण मीच."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. मग कॅमेरा-मशीनकडे बोट केलं.

"म्हणून तर. पहिले पाच रिपोर्ट माझ्याकडे आणा. आपण नवीन माणसावर लगेच विश्वास ठेवत नाही."